क्रिस्टल, अ‍ॅक्सेस आणि मधला दुभाष्या

तुमच्यापैकी ज्यांनी कधीकाळी व्हिज्युअल बेसिकमध्ये काम केलंय, त्यांना क्रिस्टल म्हटलं की काचसामान नाही, रिपोर्ट आठवतो! आणि त्या रिपोर्टमागे बहुतेक वेळा अ‍ॅक्सेसची एक .एमडीबी फाइल. हे लग्न जमलं कसं आणि पुढे त्यात विघ्न का आलं, त्याची ही गोष्ट.

१९९० च्या सुमारास डीबेस, पॅराडॉक्स वगैरे प्रत्येकाच्या फाइलचा साचा वेगळा. ५ रिपोर्ट प्रोग्रॅम आणि ५ प्रकारच्या फायली म्हणजे २५ जोडण्या लिहा. मध्ये एक ठरलेली बोली आणली, की १० मध्ये भागतं. ही बोली म्हणजे ओडीबीसी. मायक्रोसॉफ्टने ती १९९२ मध्ये आणली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अ‍ॅक्सेसही आलं. १९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिक ३ सोबत व्हँकुव्हरच्या एका कंपनीचं क्रिस्टल रिपोर्ट्स मिळू लागलं. झालं, जमली जोडी.

रिपोर्ट एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारणार, ड्रायव्हर तो फाइलला समजेल असा करणार. फाइल कुठे आहे आणि ड्रायव्हर कोणता, हे 'डीएसएन' नावाच्या नोंदीत. फाइल हलवली तर फक्त नोंद बदला, रिपोर्टला हात लावायला नको. छान सोय! फक्त ही नोंद प्रत्येक मशीनवर वेगळी करावी लागते. रिपोर्टची फाइल दुसऱ्या पीसीवर नेली, तरी ती सोबत येत नाही.

पण खरी मेख पुढे आहे. ओरॅकलसारख्या डेटाबेसमध्ये पलीकडे सर्व्हर बसलेला असतो. एमडीबीच्या पलीकडे कोणीच नसतं, ती नुसती फाइल. त्यामुळे ती वाचणारं 'जेट' इंजिन रिपोर्टच्याच प्रोसेसमध्ये येऊन बसतं. आणि ६४ बिटच्या प्रोसेसमध्ये ३२ बिटचं डीएलएल चढत नाही. जेटची ६४ बिट आवृत्ती कधी निघालीच नाही. ऑफिस २००७ बरोबर त्याचा वारस 'एस' आला, आणि तोही ६४ बिट झाला २०१० मध्ये. क्रिस्टलचा डिझायनर ६४ बिट झाला तो २०२० च्या आवृत्तीत. विंडोजमध्ये ओडीबीसीची पॅनलंही दोन : ६४ बिटचं सिस्टिम३२ फोल्डरमध्ये आणि ३२ बिटचं सिसवॉव६४ मध्ये. नाही, उलटं लिहिलेलं नाही, खरंच तसं आहे!

हे सगळं तांत्रिक वाटेल. पण दवाखाने, पतपेढ्या, छोटे कारखाने यांचे वर्षानुवर्षांचे हिशोब अशाच फायलींत साठलेत. नवा पीसी आला की फाइल शाबूत, रिपोर्ट शाबूत, फक्त दुभाष्या गायब. म्हणून मला वाटतं, बॅकअप म्हणजे नुसती एमडीबीची कॉपी नव्हे. वर्षातून एकदा टेबलं साध्या सीएसव्हीत काढून ठेवा. ती वाचायला दुभाष्या लागत नाही.

असो. जुनी एमडीबी सापडली, तर या वीकांताला उघडून बघा.. उघडतेय तोवर!