मुंबईत दार बंद, पॅरिसमध्ये उघडे! उदारमतवादी मेसॉनिक लॉजांच्या आंतरराष्ट्रीय संबंधांची कथा

जळगाव-धुळ्यात 'लॉज' म्हटले, की बसस्थानकासमोरची उतरण्याची जागाच डोळ्यांपुढे येते. फ्रीमेसन मंडळींचे लॉज ते नव्हे. ठरावीक विधीने दीक्षा घेतलेल्या सभासदांचा गट आणि तो जेथे जमतो ती जागा, या दोहोंना या संघटनेत लॉज म्हणतात. बंद दारांआड चालणाऱ्या विधींमुळे ब्रिटिश अमदानीत छावण्यांच्या गावी सामान्य लोक या इमारतींना 'जादूघर' म्हणून ओळखत. प्रत्यक्षात त्या दारांआडचा मोठा वाद जादूचा नव्हता. कोणाला आत घ्यायचे आणि परदेशात दीक्षा घेऊन आलेल्याला आपला मानायचे की नाही, हा तो वाद होता. त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले आहे.

माणेकजी करसेटजी (१८०८-१८८७) हे मुंबईतील नामांकित पारशी गृहस्थ. पुढे ते लघुवाद न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मुलींच्या शिक्षणासाठी १८६३ मध्ये अलेक्झांड्रा इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. फ्रीमेसन होण्याची इच्छा त्यांनी मुंबईच्या 'पर्सिव्हरन्स' या युरोपीय सभासदांच्या लॉजकडे व्यक्त केली. तेथे त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. लॉजमधील प्रवेश गुप्त मतदानाने ठरतो. पेटीत पांढऱ्या अथवा काळ्या गोळ्या टाकल्या जातात आणि मोजक्या काळ्या गोळ्याही उमेदवाराला बाहेर ठेवण्यास पुरेशा होतात. कारण सांगण्याचे बंधन कोणावरच नसते. बंधुत्वाची घोषणा करणाऱ्या संघटनेतील ही सोय साहेबाला भलतीच सोयीची ठरली असणार.

माणेकजींनी नाद सोडला नाही. युरोपच्या प्रवासात त्यांनी पॅरिसमधील 'ला ग्लोआर द ल्युनिव्हेर', म्हणजे 'विश्वाचा गौरव', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लॉजमध्ये दीक्षा घेतली. ते परतले तेव्हा मुंबईतही वारे फिरले होते. पश्चिम भारतातील स्कॉटिश लॉजांचे प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांना दार उघडणारे 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज १५ डिसेंबर १८४३ रोजी स्थापन केले. त्याच्या स्मरणार्थ खास पदकही काढण्यात आले. प्राच्यविद्येचे अभ्यासक खरशेदजी रुस्तमजी कामा यांनी पुढे याच परंपरेतून १८७६ मध्ये 'इस्लाम' आणि १८७७ मध्ये 'आर्यन' या लॉजांच्या स्थापनेत पुढाकार घेतला. हिंदूंना मात्र सहजी प्रवेश मिळाला नाही. अनेक देव मानणारा मनुष्य एका परमेश्वराची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना त्यासाठी नऊ वर्षे झगडावे लागले. १८७२ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. फ्रीमेसनरीला जागतिक मुख्यालय नाही. आपल्याकडील रोटरी अथवा लायन्स क्लबचे तसे नाही. धुळ्याचा रोटरी सदस्य परगावी, परदेशी कोणत्याही रोटरी क्लबच्या सभेला जाऊ शकतो, कारण वर संस्था एकच आहे. मेसॉनिक लॉजे ज्या 'ग्रँड लॉज' वा 'ग्रँड ओरिएंट' नावाच्या मध्यवर्ती मंडळाखाली असतात, ते मंडळ आपापल्या प्रदेशात सार्वभौम असते. ही मंडळे परस्परांना मान्यता देतात, काढूनही घेतात. मान्यता असेल तर एका देशातील दीक्षित दुसऱ्या देशात बंधू ठरतो. नसेल तर त्याची दीक्षा तेथे शून्यवत. माणेकजींच्या वेळी फ्रान्स व ब्रिटन यांच्यातील मेसॉनिक संबंध तुटलेले नव्हते.

ते तुटले १८७७ मध्ये. फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने १८४९ मध्ये आपल्या घटनेत ईश्वर व आत्म्याचे अमरत्व यांवरील श्रद्धेचे कलम घातले होते. ते १८७७ मध्ये वगळण्यात आले. गंमत अशी, की वगळण्याची शिफारस करणारे फ्रेदेरिक देमाँ हे प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते! श्रद्धा हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे, संघटनेने त्याची सक्ती करू नये, ही भूमिका होती. इंग्लंडच्या ग्रँड लॉजला ती पटली नाही आणि मान्यता संपली. तेव्हापासून 'नियमित' आणि 'उदारमतवादी' असे दोन प्रवाह झाले. ईश्वरश्रद्धा अनिवार्य, धर्म व राजकारणावर लॉजमध्ये चर्चा नाही, स्त्रियांना प्रवेश नाही, ही पहिल्याची लक्षणे. दुसरा प्रवाह या बाबतीत मोकळा. माणेकजी १८७७ नंतर पॅरिसला गेले असते व ग्रँड ओरिएंटच्या लॉजमध्ये दीक्षित झाले असते, तर मुंबईच्या ब्रिटिश लॉजांनी त्यांना फ्रीमेसन मानलेच नसते.

इंग्लंडच्या मान्यतेबाहेर राहिलेल्या मंडळांना एकमेकांशी जोडणारे व्यासपीठ मात्र बऱ्याच उशिरा उभे राहिले. २२ जानेवारी १९६१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ग्रँड ओरिएंट व इतर अकरा मंडळांनी एक आवाहन प्रसृत केले. त्यातून 'क्लिप्सास' हे संपर्क व माहिती केंद्र जन्मास आले. विश्वाच्या महान शिल्पकाराचे, म्हणजे परमेश्वराचे नाव घ्यायचे की नाही आणि वेदीवर धर्मग्रंथ ठेवायचा की नाही, हे प्रत्येक लॉजने व मंडळाने आपापले ठरवावे, असा त्या आवाहनाचा गाभा. क्लिप्सास ही कोणाची वरिष्ठ संस्था नाही. वार्षिक सभा, एखाद्या विषयावर परिसंवाद आणि सदस्य मंडळांमधील संपर्क असे तिचे काम असते. एकोपा नेहमीच टिकला असे नव्हे. संस्थापक असलेले ग्रँड ओरिएंटच मध्यंतरी तिच्यातून बाहेर पडले.

त्याच वर्षी, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी, दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली. रामपूरचे नवाब सय्यद रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले. इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंडच्या ग्रँड लॉजांच्या संमतीने स्थापन झालेले हे मंडळ 'नियमित' प्रवाहातले. तरीही बायबल, गीता, कुराण, झेंद-अवेस्ता आणि गुरू ग्रंथसाहिब अशा अनेक ग्रंथांना येथील लॉजांत स्थान आहे. हिंदू एकेश्वरी शपथ कशी घेणार, या जुन्या आक्षेपाचे उत्तर भारतीयांनी ग्रंथ हटवून नव्हे, तर वाढवून दिले, असे म्हणावे लागेल.

उदारमतवादी प्रवाह भारतात आला तो दुसऱ्याच वाटेने आणि एका स्त्रीच्या हातून. मारिया देरेम व जॉर्ज मार्तां यांनी १८९३ मध्ये पॅरिसला स्त्री-पुरुषांची मिश्र संघटना काढली. तीच पुढे 'ल द्रुआ ह्युमँ', म्हणजे 'मानवी हक्क', या नावाने प्रसिद्ध झाली. थिऑसॉफिकल सोसायटीच्या ॲनी बेझंट यांनी १९०२ मध्ये पॅरिसला तिची दीक्षा घेतली, त्याच वर्षी लंडनमध्ये 'ह्यूमन ड्यूटी' लॉज स्थापन केले आणि पुढे हे कार्य भारतात आणले. बेझंटबाईंना ईश्वराचे नाव हवे होते, पॅरिसला त्याची सक्ती नको होती. तडजोड झाली, बाईंच्या लॉजांत ईश्वराचा उल्लेख कायम राहिला आणि संघटना एकच राहिली. एका बाजूला मद्रासजवळचे अड्यार, दुसऱ्या बाजूला पॅरिस, अशी ही बांधणी जवळजवळ शतकभर चालली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी मतभेद विकोपाला गेले, तेव्हा थिऑसॉफिकल सोसायटीच्या तत्कालीन अध्यक्षा राधा बर्नियर यांच्या नेतृत्वाखाली एक गट पॅरिसपासून वेगळा झाला आणि अड्यारला त्याने स्वतंत्र 'ईस्टर्न ऑर्डर' स्थापन केली.