चिंचवडच्या कीर्तनकाराचे घर

आपल्या मंडळाची सहल चिंचवडला गेली होती, ते पुष्कळ भगिनींना आठवत असेल. मोरया गोसावींच्या समाधीचे दर्शन घेऊन आपण चापेकरांचा वाडा पाहिला. तेथे एका भगिनीने हळूच विचारले, “एवढे सारे शिजत होते, ते घरच्या बायकांना कळलेच नसेल का हो?” मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर दामोदर हरी चापेकरांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त काढून वाचले. धर्माच्या नावाने एखाद्या तरुणाने शस्त्र उचलल्याची बातमी हल्ली वरचेवर कानी येते आणि आपण म्हणतो, “चांगल्या घरचा मुलगा, असा कसा झाला?” चापेकरांचे घर तर चांगलेच होते, नित्य देवाचे नाव चालणारे होते.

हे घराणे एके काळी खाऊनपिऊन सुखी होते. पुढे दिवस फिरले. वडील हरिभाऊंनी चरितार्थासाठी कीर्तन करण्यास आरंभ केला. आपल्यासारख्या घराण्यातील माणसाने कीर्तन करून पोट भरावे, हे आप्तांना कमीपणाचे वाटले. साथीदार टिकेनात, तेव्हा मुलेच वाद्ये शिकली आणि वडिलांच्या मागे उभी राहिली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिघांचे बालपण असे गावोगावच्या देवळांतून गेले. पुराणातील कथा त्यांनी किती वेळा ऐकल्या असतील! राक्षस मातला की देवाने अवतार घ्यावा आणि त्याचा वध करावा. मुलांच्या मनात त्या कथा साठत गेल्या, आणि त्यांच्या शेजारीच घरच्या पडत्या स्थितीचा सलही साठत गेला.

दामोदरांना शिपाईगिरीची विलक्षण हौस. पलटणीत शिरण्याची त्यांची धडपड मात्र फळाला आली नाही. मग त्यांनी मुले जमवून व्यायाम आणि गोफणीचा सराव सुरू केला. येथवर कोणत्याही आईला कौतुकच वाटेल. पण या मुलांचा पहिला राग कोणावर निघाला, ते आपण सहसा सांगत नाही. तो निघाला आपल्याच लोकांतील सुधारकांवर. धर्म बुडविणारे म्हणून काहींना त्यांनी मारहाण केली आणि ते सारे दामोदरांनी आत्मवृत्तात अभिमानाने नमूद केले आहे. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली, तीही त्यांनीच. लोकमान्यांनाही त्यांनी सोडले नाही. ते धड सुधारक नाहीत आणि धड सनातनीही नाहीत, असा त्यांचा आक्षेप. उत्सवात व्याख्याने झोडून घरी जाणाऱ्यांचा तर त्यांना तिटकाराच होता. वडीलधाऱ्यांपैकी कोणाचाही शब्द मानावा असे ज्याला वाटत नाही, त्याला सांगणार कोण?

अशात 1897 चा प्लेग आला. प्लेगचे जंतू 1894 मध्ये सापडले होते, पण तो पिसवांमार्फत पसरतो हे अजून कळले नव्हते. सरकारने फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला आणि पुण्याची व्यवस्था वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाती दिली. रोग्यांना वेगळे ठेवणे अवश्यच होते. परंतु गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत गेले, सामानसुमान रस्त्यावर काढून जाळले गेले, बायकांची तपासणी चारचौघांत झाली. आपल्या आश्रमातील एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात काय भोगावे लागले, याविषयी पंडिता रमाबाईंनी वर्तमानपत्रात उघड तक्रार केली. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. तेव्हा हा गाऱ्हाण्याचा सूर एका धर्माचा नव्हता.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या. त्यांनाही रोग जडला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. टिळकही शहर सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी इस्पितळ चालविले. चापेकर बंधूंनी निराळी वाट धरली.

22 जून 1897. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीत समारंभ होता. रात्री पाहुणे परतू लागले. “गोंद्या आला रे” ही खुणेची हाक झाली आणि दामोदरांनी रँड यांच्या गाडीवर मागून चढून गोळी झाडली. मागच्या गाडीतील माणसे आपसांत कुजबुजत आहेत असा बाळकृष्णांना संशय आला व त्यांनी त्या गाडीत गोळी घातली. तीत लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. त्यांची पत्नी शेजारी बसली होती. मी ही हकीगत लहानपणापासून ऐकत आले, पण त्या बाईंचा उल्लेख कोणी केल्याचे आठवत नाही. रँड 3 जुलैला वारले.

सरकारने वीस हजारांचे बक्षीस लावले. द्रविड बंधूंनी माहिती दिली. दामोदरांना 18 एप्रिल 1898 रोजी येरवड्यात फाशी झाली. टिळकही त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगातच होते. धाकटा वासुदेव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. भावाचा सूड त्याच्या डोक्यात बसला. 8 फेब्रुवारी 1899 च्या रात्री त्याने आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना खोट्या निरोपाने घराबाहेर बोलावून गोळ्या घातल्या. तेही पुण्यातलेच, तेही कोणाचे तरी मुलगे.

या तरुणांचे धैर्य पाहून मन नमते. त्यांचा क्रोध निष्कारण होता असे कोणी म्हणू नये. नाशिकजवळच्या भगूरला विनायक सावरकर नावाच्या शाळकरी मुलाने ही वार्ता ऐकून कुलदेवतेपुढे शपथ घेतली. एका घरातील ठिणगी दुसऱ्या घरात गेली ती अशी, देवघराच्या वाटेनेच.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाविषयी. दामोदरांचे आत्मवृत्त मी पुन्हा चाळले. वडिलांचे कीर्तन, मित्रमंडळ, हत्यारे, मारामाऱ्या सारे तपशीलवार आहे. घरातील बायकांना किती कळले होते, ते मात्र त्यावरून मला ठरविता आले नाही. भाऊ बाहेरून येत, हातपाय धूत, पानावर बसत. वाढणारीने काही विचारले असेल, नसेल.

वासुदेवला 8 मे 1899 रोजी फाशी झाली, 10 तारखेला रानडे यांना आणि 12 तारखेला बाळकृष्णांना. खटल्यातील साठे नावाचा मुलगा लहान म्हणून त्याला दहा वर्षांची सक्तमजुरी मिळाली. चिंचवडच्या घरी वृद्ध आईबाप आणि तरुण सुना राहिल्या.