काचेवरच्या गाई

मोंटानाच्या पूर्व भागातल्या जुन्या रँचांचे फोटो पाहताना आधी डोळ्यांत भरतं ते त्यांतलं रिकामं आभाळ. खाली सगळं गजबजलेलं असतं: धुळीत अर्धी बुडालेली गुरं, खोगिरं, दोरांची वेटोळी, टोपीची कड कपाळावर ओढलेले गुराखी. वर मात्र ढगाचा पुंजकाही नाही, कोऱ्या कागदासारखा पांढरा पट्टा. आणि चेहरे इतके काळवंडलेले की उन्हातान्हात राबून झालेला हाच त्यांचा खरा रंग असं वाटावं. दोन्हींचं कारण एकच आहे. त्या काळच्या फोटोच्या काचेला निळा रंग फार चटकन दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. निळं आभाळ क्षणात पांढरंफटक होई. उन्हाने तांबूस झालेली कातडी आणि गळ्यातला लाल रुमाल काळा पडे.

या फोटोंची ओढ मला फार वर्षांपासून आहे. त्यांचं कूळ शोधत मागे गेलं तर ते अमेरिकेतल्या माळावर सापडत नाही, इंग्लंडमधल्या एका डॉक्टरापाशी जाऊन पोचतं.

त्या डॉक्टराच्या आधी फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 मध्ये कोलोडियनची पद्धत सांगितली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं फोटो म्हणजे ओली काच असंच समीकरण होतं. काचेवर चिकट द्रव ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे जिथे फोटो तिथे अंधारा तंबू, बाटल्या आणि पाणी. दौडणाऱ्या कळपामागे हा संसार नेणार कसा? कोलोडियनमधल्या ईथरच्या वाफांनी तब्येत बिघडलेले डॉ. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी 1871 मध्ये कोलोडियनऐवजी जिलेटिन वापरून पाहायचं सुचवलं. 1878 मध्ये चार्ल्स बेनेट यांनी ते मिश्रण बराच वेळ ऊबेत ठेवून काचेची नजर कित्येक पटींनी तेज केली. 1880 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये जॉर्ज ईस्टमन कोरड्या काचा बनवून विकू लागला. आता काचांची पेटी विकत आणावी, खोगिराला बांधावी, फोटो काढावा आणि सवडीने घरी येऊन धुवावा. घोडं उधळलेलं असताना, दोर हवेत असताना तो क्षण काचेवर उमटू लागला तो यामुळे.

जिलेटिन येतं गुरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून. 1882 च्या सुमारास ईस्टमनच्या काचा एकाएकी मंद झाल्या, व्यापाऱ्यांच्या तक्रारी आल्या, आणि शोधाअंती दोष निघाला जिलेटिनमध्ये. जिलेटिनमध्ये असं काय असतं, याचा उलगडा व्हायला चाळीसेक वर्षं लागली. ईस्टमनच्याच कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी 1925 मध्ये दाखवून दिलं की काचेला नजर देतात ती त्यातली गंधकाची अगदी अल्प संयुगं, मोहरीच्या तेलाच्या जातीची. गुरं मोहरीच्या कुळातल्या वनस्पती चरतात आणि त्याचा अंश कातड्यात उतरतो. हे वाचल्यापासून मी हे फोटो वेगळ्या नजरेने पाहतो. समोर चरणाऱ्या गाई आहेत, आणि ज्या थरावर त्या उमटल्या तोही कुठल्या तरी चरणाऱ्या गाईंनीच दिलेला आहे. ती गुरं मोंटानाचीच होती असं नव्हे, पण नातं खरं आहे.

काच कोरडी होत होती त्याच वर्षांत दुसरी एक वस्तू पुढे आली. इलिनॉयमधल्या डीकॅल्बच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला 24 नोव्हेंबर 1874 रोजी काटेरी तारेचं पेटंट मिळालं. तोवर तिथली गुरं मोकळ्या रानात हिंडत. कोणतं जनावर कोणाचं हे ओळखायचं ते डागावरून. वसंतात सगळ्यांचे गुराखी मिळून रान पिंजून काढत, गुरं गोळा करत आणि वासराला त्याच्या आईच्या अंगावरचा डाग देत. टेक्सासमधल्या सॅम्युअल मॅव्हरिक या वकिलाने आपल्या गुरांना डागच दिले नाहीत, म्हणून बिनडागी वासराला ‘मॅव्हरिक’ म्हणू लागले. ही सारी रीत मेक्सिकोच्या वाकेरोंकडून आलेली. स्पॅनिशमध्ये वाका म्हणजे गाय, वाकेरो म्हणजे तिच्यामागे हिंडणारा; ‘रँच’ आणि ‘लासो’ हे शब्दही तिकडचेच. तारेने रान कापून काढलं, रेल्वेने शेतकरी आणले, आणि 1886-87 च्या भीषण हिवाळ्यात कळपच्या कळप बर्फात मेले. कॅमेरा घोड्यावर चढण्याजोगा झाला तो नेमका मोकळं रान मिटत चाललं तेव्हा. दोन्हींची गाठ जेमतेम वीस-तीस वर्षांची, आणि आपल्याला भुलवणारे बहुतेक फोटो त्या अवधीतले आहेत.

लेटन हफमन हा मूळचा आयोवाचा तरुण 1878 च्या डिसेंबरात मोंटानातल्या फोर्ट किओ या छावणीवर फोटोग्राफर म्हणून आला. त्याने आधी रानरेड्यांचे शेवटचे कळप आणि कातड्यांसाठी त्यांना मारणारे शिकारी टिपले. दोन-चार वर्षांत ते कळप संपले आणि त्याच गवतावर टेक्सासची गुरं आली. मग तो राउंडअपच्या, म्हणजे गुरं गोळा करण्याच्या, तळांवर जाऊ लागला. ती छावणी उभी राहिली होती लकोटा आणि शायेन या मूळनिवासी लोकांशी चाललेल्या लढाईसाठी. गाईंसाठी रान मोकळं झालं ते त्या माणसांना तिथून हटवून. चौकटीबाहेरचं हे विसरून या फोटोंवर प्रेम करणं मला जमत नाही. काऊबॉय म्हटलं की सिनेमातला गोरा नायक आठवतो. फोटो त्यालाही खोटं पाडतात. गुलामगिरीत जन्मलेल्या नॅट लव्हचा फोटो पाहावा: केस खांद्यावर, हातात बंदूक, पायाशी खोगीर आणि दोर. त्याच्यासारखे कितीतरी काळे गुराखी त्या वाटांवर होते.

पण या कुळातलं माझं सगळ्यात लाडकं नाव एव्हलिन कॅमेरन. 1868 मध्ये लंडनजवळच्या सुखवस्तू घरात जन्मलेली ही बाई 1889 मध्ये नवऱ्याबरोबर शिकारीसाठी मोंटानात आली आणि पुढे तिथलीच झाली. पोलोचे घोडे वाढवून इंग्लंडला विकायचा दोघांचा बेत फसला. पैशांसाठी घरात भाडेकरू ठेवले. त्यांच्यापैकी एकाने तिला फोटो काढायला शिकवलं, आणि 1894 मध्ये तिने कॅमेरा घेतला. गाई दोहणं, भाजी पिकवून विकणं, घोडे माणसाळवणं, सरपण फोडणं हे सगळं उरकून ती फोटो काढी. एक फोटो 25 सेंटला, डझन 3 डॉलरला. पुरुषांसारखी घोड्यावर दोन्हीकडे पाय टाकून, विभागलेला स्कर्ट घालून ती माइल्स सिटीत गेली तेव्हा अटकेची धमकी मिळाली, असं तिनेच पुढे एका लेखात सांगितलं आहे.

तिच्या फोटोंत रोजचं जगणं दिसतं. कातरणीला आलेल्या मेंढ्या, नव्याने जमीन घेतलेली कुटुंबं दारात उभी, टेक्सासच्या एक्सआयटी रँचची माणसं जेवणगाडीपाशी बसलेली. कधी ती स्वतः: स्वयंपाकघरात पीठ मळताना, कधी चक्क घोड्याच्या पाठीवर ताठ उभी. 1893 पासून मरेपर्यंत तिने रोजनिशी लिहिली, त्यामुळे पुष्कळ फोटोंमागचा दिवस आपल्याला कळतो.

1928 च्या डिसेंबरात ती गेली. काचा आणि रोजनिश्या एका मैत्रिणीकडे आल्या आणि टेरी या लहानशा गावातल्या तिच्या तळघरात पन्नासेक वर्षं राहिल्या. जिलेटिनला ओल सोसत नाही, बुरशी लागते. मोंटानाची हवा कोरडी म्हणून त्या टिकल्या. 1970 च्या दशकाच्या अखेरीस डॉना ल्यूसी ही लेखिका बायकांच्या जुन्या फोटोंच्या शोधात तिथवर पोचली. तोवर मैत्रीण नव्वदीच्या आसपास होती. तळघरात सुमारे 1,800 निगेटिव्ह होत्या. त्यांतली कुठलीही उजेडासमोर धरली की सगळं उलटं दिसतं: आभाळ काळंकुट्ट, आणि त्याखाली उन्हाने रापलेली माणसं लख्ख उजळलेली, पाठीमागे पांढुरक्या गाई.