स्वरांचं निष्क्रिय खातं

बँकेत एखादा माणूस कितीही वर्षं फिरकला नाही तरी त्याचं नाव आम्हाला खोडता येत नाही. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय ठरतं, दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेने २०१४ साली काढलेल्या एका फंडात जाते. पण म्हणून भानगड मिटली असं समजू नका. अकराव्या वर्षी, किंवा एकविसाव्या, तो गृहस्थ बोहरणीच्या लायकीचं पासबुक घेऊन नेमका जेवणाच्या सुट्टीआधी दोन मिनिटं खिडकीशी उभा राहिला, तर ओळख पटवून त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात. "काका, तुमचं पासबुक जुन्या पद्धतीचं आहे, आता ते आमच्याकडे चालत नाही," असं म्हणायची सोय नाही. म्हणावंसं पुष्कळदा वाटतं, ती गोष्ट वेगळी.

कॉम्प्युटरच्या जगात मात्र हे वाक्य सर्रास म्हणतात, आणि तेही खिडकीशी न येता. आमच्या शाखेतले एक वसईकर सहकारी रविवारी चर्चचा कॉयर चालवतात. पाच रेषांच्या स्टाफ नोटेशनमध्ये ते चार आवाजांची गाणी कॉम्प्युटरवर लिहितात, छापतात आणि वाटतात. कॉम्प्युटर विंडोज एक्सपीचा. परवा पुण्याला शिकणाऱ्या एका पोराने नाताळसाठी नव्या ॲपमध्ये लिहिलेलं गाणं धाडलं, ते यांच्या जुन्या ॲपात उघडेना. आणि नवं ॲप यांच्या डब्यावर चढेना. "अरे, तू बघ ना जरा," असं त्यांनी मला म्हटलं. शाखेत पासबुक प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ज्याला काढता येतो तो कॉम्प्युटर-तज्ज्ञ, अशी आमच्याकडे व्याख्या आहे. मी बघायला बसलो आणि इतिहासात शिरलो. इतिहास हा विषय मी कॉमर्सला जाऊन चुकवला होता, पण तो खातं बंद करत नाही.

तर १९८६ च्या सुमाराला इंग्लंडात बेन आणि जोनाथन फिन नावाचे जुळे भाऊ नुकते शाळेतून बाहेर पडले होते. दोघेही संगीताचे विद्यार्थी, आणि दोघांनाही हाताने नोटेशन लिहायचा मनस्वी कंटाळा. आपल्याकडे अशा वेळी माणूस धाकट्या भावाला कामाला लावतो. इथे जुळे असल्यामुळे तीही सोय नव्हती. म्हणून त्यांनी कॉम्प्युटरकडून हे काम करून घ्यायचं ठरवलं. एक ऑक्सफर्डला, दुसरा केंब्रिजला, आणि प्रोग्राम चालूच. एप्रिल १९९३ मध्ये तो एका फ्लॉपीवर बाजारात आला. नाव 'सिबेलियस ७'. सिबेलियस हा फिनलंडचा थोर संगीतकार. म्हणजे फिनांनी फिनाचं नाव घेतलं.

हा प्रोग्राम एकॉर्न आर्किमिडीज नावाच्या यंत्रासाठी होता आणि अगदी त्या यंत्राच्या मातृभाषेत, म्हणजे असेम्ब्लीत लिहिलेला होता. एक मेगाबाइटहून कमी जागेत तो मावायचा आणि सुसाट पळायचा. एकॉर्न हा ब्रिटिश शाळांमधला घरचा कॉम्प्युटर, पण समुद्रापलीकडे त्याला कोण ओळखतो! तरी ज्याला नोटेशन छापायचंय तो प्रोग्रामपायी अख्खं यंत्र विकत घ्यायला तयार व्हायचा. आमच्या कॉयरवाल्यांना ज्यांची नाताळगीतं तोंडपाठ आहेत ते जॉन रटरही त्याच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी.

पण चांगलं यंत्र आणि टिकणारं यंत्र या दोन गोष्टी निराळ्या. (स्थळं पाहतानाही वडीलधारी मंडळी हेच सांगतात.) जगाने विंडोजशी लग्न लावलं होतं. फिन बंधूंपुढे प्रश्न आला : आपल्या लाडक्या एकॉर्नला धरून राहायचं, की सगळं पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहायचं? असेम्ब्लीत लिहिलेलं उचलून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर ठेवता येत नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं. विंडोजचं सिबेलियस आलं सप्टेंबर १९९८ मध्ये, आणि त्याच महिन्यात एकॉर्नने आपण घरगुती कॉम्प्युटरचा धंदा आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. इतक्या शेवटच्या गाडीत चढलेला माणूस मी दादरलासुद्धा पाहिलेला नाही.

मला यात आवडलं ते निराळंच. नव्या विंडोजच्या सिबेलियसमध्ये एकॉर्नवर केलेल्या फायली उघडायची सोय त्यांनी ठेवली होती. यंत्र गेलं, पण ज्याने त्यावर एखादी मास किंवा कॅन्टाटा लिहून ठेवली होती, त्याची ठेव बुडाली नाही. आकड्यांचा घोळ मात्र त्यांनी घातलाच : २०११ साली विंडोज आणि मॅकसाठी पुन्हा एक 'सिबेलियस ७' काढलं. एका नंबरची दोन खाती! आमच्याकडे ऑडिटरने जीव घेतला असता.

याच्या अगदी उलट तऱ्हा म्हणजे 'स्कोअर'. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीताचे प्राध्यापक लीलंड स्मिथ १९६७ पासून त्याच्या मागे होते. १९८७ मध्ये ते साध्या पीसीवर आलं, डॉसमध्ये. त्याची छपाई इतकी देखणी की मोठमोठ्या प्रकाशकांचे कारागीर त्याच्यावर फिदा. पुढे जग खिडक्या उघडून बसलं तरी ही मंडळी काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत राहिली. जुनं यंत्र टाकायचं नाही, कारण त्यात जुनं काम आहे. आणि जुनं काम टाकायचं नाही, कारण ते सुंदर आहे. २०१३ मध्ये स्मिथ गेले. एका माणसाच्या हातावर चाललेल्या दुकानाचं मालकामागे जे होतं ते त्याचं झालं.

आता प्रोग्राम लिहिणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. जुन्या यंत्राला सांभाळायचं म्हणजे प्रत्येक दुरुस्ती त्याच्यावर चालवून पाहायची. शिवाय हे ॲप कुणा तिसऱ्याने बांधलेल्या जोत्यावर उभं असतं. म्युझस्कोअर हे फुकट मिळणारं ॲप, जे आमच्या सहकाऱ्यांकडे आहे, ते क्यूटी नावाच्या जोत्यावर उभं आहे. त्या क्यूटीने २०१६ साली एक्सपी सोडलं. खुद्द मायक्रोसॉफ्टने तर ८ एप्रिल २०१४ लाच सोडलं होतं. जोतंच हललं तर वरच्या मजल्यावरच्याने भाडेकरूला काय आश्वासन द्यायचं? त्यात आता ॲपने नुसतं लिहून भागत नाही, अख्ख्या ऑर्केस्ट्राच्या आवाजात वाजवूनही दाखवावं लागतं. ३२ बिटांचं विंडोज चार गिगाबाइटच्या आतबाहेरच अडतं. ऐंशी वादक बसवायचे कुठे? डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या म्युझस्कोअर ४ ने ३२ बिटांना रामराम केला, याबद्दल मला तरी त्यांना बोल लावता येत नाही.

त्यांनी एक शहाणपणा केला आहे. जुन्या आवृत्त्या माळ्यावर नीट ठेवल्या आहेत. ज्याला हवी त्याने उतरवून घ्यावी. नवं ॲप जुन्या फायली उघडतं. जुनं नव्या उघडत नाही, पण ते कुठल्याच घरात होत नाही. आमच्या सहकाऱ्यांचा प्रश्न त्यामुळे दहा मिनिटांत सुटला : पोराला फोन करून तेच गाणं म्युझिकएक्सएमएल नावाच्या सामाईक लिपीत पाठवायला सांगितलं. ते जुन्या ॲपात उघडलं. काही शब्द सुरांपासून सरकून बसले होते, ते सहकाऱ्यांनी शनिवारी दुपारी एकेक करून जागेवर आणले. नवा कॉम्प्युटर घ्यायचे वीसेक हजार चर्चच्या पत्र्यांना लागले.

या बाबतीत भातखंडे अण्णा हुशार निघाले म्हणायचे. मुंबईचे वकील माणूस. पण चिजा लिहायला त्यांनी छापखान्यात असलेलीच अक्षरं घेतली. सा, रे, ग. कोमलाला खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाला वर उभी, मंद्राला खाली टिंब, तार सप्तकाला वर. 'क्रमिक पुस्तक मालिके'चा पिवळा पडलेला भाग माझी मामी आजही उघडते, आणि तिला एकदाही 'ही आवृत्ती आता चालत नाही' असं दिसलेलं नाही. उलट युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेलं आमच्या सोसायटीचं वीस वर्षांपूर्वीचं इतिवृत्त उघडा : चिनी, ग्रीक आणि किराणा मालाचे भाव एकत्र.

खरी धडकी भरवली ती 'फिनाले'ने. १९८८ पासूनचा हा प्रोग्राम. अमेरिकेतल्या संगीतकारांच्या दोन पिढ्या त्याच्यावर वाढल्या. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक कंपनीने जाहीर केलं की दुकान बंद. कोडच्या ओळी लाखोंनी साचल्या आहेत, यंत्रं बदलत चालली आहेत, आता ओढवत नाही. इथवर ठीक होतं. पण जोडीला हेही होतं की वर्षभरानंतर नव्या कॉम्प्युटरवर फिनाले चालू करायची परवानगी मिळणार नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेलं कुलूप, आणि किल्ली दुकानदाराकडे! जुना डबा मेला की त्यासोबत आपली सिंफनीही सती जाणार. जगभरच्या संगीतकारांनी असा काही ओरडा केला की थोड्याच दिवसांत कंपनीने शब्द मागे घेतला आणि परवानगी पुढेही देत राहू म्हणून सांगितलं. निष्क्रिय खात्याचा नियम त्यांना कुणी समजावला कोण जाणे.

गिऱ्हाइकांना त्यांनी सवलतीत 'डोरिको' देऊ केलं. हे डोरिको कुणी बांधलं? २०१२ साली सिबेलियसच्या नव्या मालकांनी लंडनचं ऑफिस बंद केल्यावर जी मंडळी घरी बसली, त्यांनी. आणि तिकडे सामान हलवायचा रस्ता तोच, म्युझिकएक्सएमएल. फिनालेत अख्खा फोल्डर एकदम त्या लिपीत उतरवायची सोय होती. तेव्हा तीन-तीन तपांची कामं घेऊन लोक बसले. ३१ मार्चच्या रात्री आमच्याकडे असतो तोच देखावा, चहाच्या कपांसकट. फक्त जुन्या वहीतलं नव्या वहीत बरोबर उतरलं की नाही, हे त्यांना दर पानाला वाजवून ऐकावं लागत होतं.