खडकी बोलते, दौंड ऐकतं
(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

वाशी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नव्या मुंबईतली वाशी येते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची. पाहुण्यांनी पत्र टाकताना जिल्ह्याचं नाव लिहायचं राहिलं, की ते आधी खाडीकाठची हवा खाऊन मग आमच्याकडे यायचं. गमतीने सांगतोय, पण आजच्या विषयाशी याचा संबंध आहे.

झालं असं, की आमच्या शेजारच्या मुलीची नोकरीची मुलाखत होती. मुलाखत लॅपटॉपवरून. आदल्या रात्री तिचा बिनतारी माउस अडखळू लागला. बाण दोन बोटं सरकायचा आणि थांबायचा. ब्लूटूथचा इअरफोन तर लॅपटॉपला जोडलाच जाईना. लॅपटॉप दोनदा बंद-चालू करून झाला. "दोन्ही बिघडले, नवे घ्यावे लागतील," असं घरात ठरलं. सोयाबीनचे पैसे अजून हातात आले नव्हते, त्यामुळे वडिलांचा चेहरा उतरला. मी हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस, म्हणून मला हाक आली.

पाहिलं तर माउसचा नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉपला ज्या खाचेत लावला होता, तिला खेटूनच बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती. ती काढली. माउस सुरळीत झाला. इअरफोनचं कारण वेगळं निघालं. संध्याकाळी वडिलांनी तोच कानाला लावून फोनवर कीर्तन ऐकलं होतं. इअरफोन अजून फोनलाच धरून बसला होता. फोनचं ब्लूटूथ बंद केलं, तेव्हा तो लॅपटॉपकडे आला.

मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "दौंडमुळे." तिला ते कोडं वाटलं. ते उलगडायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

बिनतारी संदेश ओळखणारं पहिलं कामाचं साधन म्हणजे धातूच्या किसाने भरलेली काचेची नळी. फ्रान्सच्या ब्रानली यांनी १८९० मध्ये तिचा गुण दाखवला, इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांनी १८९४ मध्ये तिला 'कोहेरर' म्हटलं. विद्युतलहर आली की किसाचे कण एकमेकांना चिकटत आणि नळीतून वीज वाहू लागे. अडचण अशी, की एकदा चिकटलेले कण आपणहून सुटत नसत. प्रत्येक खुणेनंतर नळीला टिचकी मारावी लागे, त्यासाठी छोटी हातोडी बसवलेली असे. आज आपण "बंद करून पुन्हा चालू करा" म्हणतो, ती या टिचकीचीच नात. एका अवस्थेत अडकलेलं यंत्र मूळ अवस्थेला आणायचं, एवढाच तिचा अर्थ.

ही टिचकी नको म्हणून ज्यांनी डोकं चालवलं, त्यांत आपले जगदीशचंद्र बोस होते. १८९५ च्या सुमारास त्यांनी कोलकात्यात भिंतींपलीकडे तारेविना लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी लोखंड आणि पारा वापरून केलेल्या, आपणहून पूर्ववत होणाऱ्या साधनाची माहिती मांडली. १९०१ च्या डिसेंबरात मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडचा संदेश ज्या साधनावर ऐकला, त्याचं मूळ बोसांच्या या कामात आहे, असं प्रबीर बंद्योपाध्याय यांनी १९९८ मध्ये साधार मांडलं.

पण नळी सुधारली म्हणून दुखणं संपलं नाही. त्याच १९०१ मध्ये न्यूयॉर्कजवळ समुद्रात शिडाच्या बोटींची मोठी शर्यत होती. तिच्या बातम्या बिनतारीने किनाऱ्यावर पाठवायला प्रतिस्पर्धी कंपन्या उतरल्या. सगळ्यांनी एकाच वेळी खटका दाबला आणि कोणाचंच धड कोणाला ऐकू गेलं नाही. बाजाराच्या दिवशी सगळे विक्रेते एकदम ओरडले की भाव कळत नाही, तसं. ठरावीक कंपनसंख्येवर सूर जुळवून बोलण्याची, म्हणजे ट्यूनिंगची पेटंटं लॉज यांनी १८९७ मध्ये आणि मार्कोनी यांनी १९०० मध्ये घेतली होती. त्यांची गरज किती, हे या शर्यतीने जगाला दाखवलं.

आता दौंड. कुर्डुवाडीकडून रेल्वेने पुण्याला जाताना लागतं, तेच हे दौंड. १९२७ मध्ये आपल्याकडे बिनतारीच्या दोन मोठ्या गोष्टी सुरू झाल्या. २३ जुलैला मुंबईच्या नभोवाणी केंद्राचं उद्घाटन झालं, आणि त्याच वर्षी भारत आणि इंग्लंड यांच्यातली बीम बिनतारी तारसेवा सुरू झाली. ही सेवा चालवणारी केंद्रं महाराष्ट्रात होती, आणि ती एक नव्हे, दोन. संदेश पाठवायचं केंद्र पुण्याजवळ खडकीला, आणि इंग्लंडहून येणारा संदेश ऐकायचं केंद्र सुमारे पाऊणशे किलोमीटर लांब दौंडला. तिकडे इंग्लंडातही तसंच: पाठवायचं ग्रिम्सबीजवळ, ऐकायचं स्केगनेसजवळ.

एवढा उपद्व्याप कशासाठी? हजारो किलोमीटर ओलांडून येणारा संदेश कुजबुजीसारखा क्षीण झालेला असतो. शेजारीच खडकीचं प्रचंड यंत्र गर्जत असेल, तर ती कुजबुज ऐकू कशी येणार? म्हणून बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला इंजिनिअरांनी वेगळं घर दिलं. ही सेवा १९४७ मध्ये सरकारकडे आली आणि १९८६ मध्ये विदेश संचार निगमाच्या हाती गेली. दौंडने शिकवलेला धडा मात्र जुना झाला नाही. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातल्या क्षीण रेडिओलहरी ऐकतात. त्यांनाही आसपासच्या विजेच्या गोंगाटाला जपावं लागतं.

मुलीच्या लॅपटॉपवर हेच घडलं होतं. तिचा माउस आणि ब्लूटूथ, दोन्ही २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात बोलतात, म्हणजे सेकंदाला २४० कोटी कंपनांच्या आसपास. वेगवान यूएसबी ३ जोडणीतून माहिती धावते, तेव्हा तिच्या तारेभोवती याच पट्ट्यात गोंगाट सांडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं. म्हणजे हार्ड डिस्क झाली खडकी आणि माउसचा रिसीव्हर झाला दौंड. दोघांमध्ये अंतर मात्र बोटभर.

या पट्ट्यात इतकी गर्दी का? एकेकाळी आपल्याकडे घरात रेडिओ ठेवायलाही परवाना लागायचा. २.४ चा पट्टा मात्र जगभर बिनपरवाना वापरासाठी मोकळा होत गेला. भारतात कमी ताकदीच्या यंत्रांसाठी त्याची मोकळीक देणारे नियम २००५ मध्ये आले. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ, माउस, कीबोर्ड सगळे तिथे जमले. मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच. मोकळ्या मैदानात जत्रा भरणारच.

जत्रेत बोलणं पोचवायची युक्ती १९४२ च्या एका अमेरिकन पेटंटात सापडते. ते होतं अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं. पाणतीराला दिले जाणारे बिनतारी हुकूम शत्रूने अडवू नयेत, म्हणून दोन्ही टोकांनी एकाच वेळी, ठरलेल्या क्रमाने कंपनसंख्या बदलत राहायची. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच ८८ जागा त्यांनी योजल्या होत्या. अशा उडीचा विचार त्यांच्याआधीही काहींनी केला होता, आणि त्या युद्धात अमेरिकी आरमाराने ही युक्ती वापरली नाही. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ मध्ये ज्यावर काम सुरू झालं, त्या ब्लूटूथने ती घरोघर नेली. मूळ ब्लूटूथ ७९ जागांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. २००३ पासून त्याला गोंगाटाच्या जागा ओळखून टाळताही येऊ लागल्या. मात्र सगळं मैदानच गजबजलं, तर उडी मारून जाणार कुठे?

राहिला इअरफोन. तिथे गोंगाट नव्हता, पत्त्याचा घोळ होता. ब्लूटूथची दोन यंत्रं पहिल्यांदा जुळतात, तेव्हा एक गुप्त किल्ली ठरवून दोघंही ती जपून ठेवतात. पुढे इअरफोन चालू केला, की तो सहसा शेवटच्या ओळखीच्या यंत्राकडे धावतो. दोन वाशींपैकी सवयीच्या वाशीला पत्र जावं, तसं. कधी एका बाजूची किल्ली पुसली जाते आणि दुसरीकडे जुनीच राहते. मग दोघं समोरासमोर असूनही ओळख देत नाहीत. अशा वेळी दोन्हीकडची जुनी नोंद काढून टाकायची आणि नव्याने ओळख करून द्यायची.

म्हणून माउस-इअरफोन रुसले, तर दुकानाची वाट धरण्याआधी क्रमाने बघा. आधी बॅटरी. मग टिचकी: साधन आणि लॅपटॉप बंद करून चालू करा. मग गोंगाट: रिसीव्हर हार्ड डिस्कपासून दूर, लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा, किंवा यूएसबीची हातभर वायर घेऊन पुढे आणा. वायफायला ५ गिगाहर्ट्‌झची सोय असेल, तर ते तिकडे हलवा. मग पत्ता: जवळपासच्या फोनने साधन धरून ठेवलंय का, ते पाहा आणि ओळख नव्याने करा. शेवटी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये वीज वाचवण्यासाठी ब्लूटूथ झोपवलं जात नाही ना, तेही तपासा. एवढं करूनही काही होत नसेल, तर खुशाल बिघाड माना.

मुलाखत दुसऱ्या दिवशी नीट पार पडली. निकाल यायचा आहे. माउस मात्र जुनाच आहे, आणि हार्ड डिस्क आता टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते. मुलीने तिच्यावर पेनाने लिहून ठेवलंय: 'खडकी'.