विद्रुम आणि मालवणचीं प्रवाळें

धारूरच्या किल्ल्यावरून समुद्र दिसत नाहीं. तेव्हां आम्हीं प्रवाळाविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. कारण इतकेंच कीं, ‘विद्रुम’ म्हणजे पोवळें व तें आपल्या कोंकणच्या समुद्रांत होतें, असें आम्ही वर्गांत वर्षानुवर्षें सांगत आलों, आणि त्यांतील उत्तरार्ध चुकीचा होता.

अमरकोशांत विद्रुम व प्रवाल हे पर्याय आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रांत प्रवाळाची ‘आलकन्दक’ म्हणून जी जात सांगितली आहे, तिचा संबंध पुष्कळ विद्वान् अलेक्झांड्रियाशीं लावतात. पेरिप्लसकार भरुकच्छास परदेशांतून येणाऱ्या मालांत पोवळें सांगतो. त्याच ग्रंथांत तगराचेंही नांव येतें, म्हणजे आमच्या दक्षिणेकडील तेरचें. रोमन लोकांस हिंदी मोत्यांचें जें मोल, तेंच हिंदी लोकांस पोवळ्याचें, असा प्लिनीचा अभिप्राय आहे. सारांश, दागिन्यांचें तांबडें पोवळें भूमध्यसमुद्रांतलें. जुन्या यादींत पोवळ्यांची माळ आढळली तर तिजवरून व्यापार सिद्ध होतो, कोंकणची उत्पत्ति नव्हे.

मालवणचीं प्रवाळें निराळीं. सिंधुदुर्गाभोंवतीं (त्याचें काम १६६४ त सुरू झालें) उथळ पाण्यांत हे जीव चुन्याचे खडक रचितात. त्यांच्या अंगांतील सूक्ष्म शैवाल त्यांस अन्न पुरवितें. पाणी फार तापलें कीं शैवाल निघून जातें, प्रवाळ पांढरें पडतें, आणि उष्मा टिकल्यास मरतें. येथें १९८७ सालीं सुमारें २९ चौरस किलोमीटरांचें सागरी अभयारण्य झालें. खडक रचणारीं प्रवाळें २००१ सालीं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत घातलीं गेलीं. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारें १०५ किलोमीटरांवर जें बुडालेलें पठार आहे, तेथेंही प्रवाळें आहेत. नकाशांत त्यास आंग्र्यांचें नांव आहे, परंतु तें बारा सागरी मैलांच्या हद्दीबाहेर पडतें. कान्होजींच्या सत्तेची खूण असलेली जागा अशी हद्दीवरून अडावी, हें आम्हांस खटकतें.

मागें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें मालवणाहून सच्छिद्र पांढरा तुकडा ‘गुरुजी, हा विद्रुम’ म्हणून आणून दिला. दोष त्याचा नव्हे, शिकविलें आम्हींच. तो आम्हीं ठेवून घेतला नाहीं.

ज्यांच्या संग्रहीं रत्नपरीक्षेच्या पोथ्या असतील, त्यांनीं प्रवाळाचें उत्पत्तिस्थान सांगणारा भाग नकलून मंडळाकडे पाठविल्यास उपकार होतील.