प्रवाळ-मत्स्यालयाचा घरगुती एलईडी दिवा

प्रवाळ-मत्स्यालयाचा घरगुती एलईडी दिवा : खाऱ्या पाण्याच्या काचपेटीतील प्रवाळ व प्रकाशावर जगणारे इतर समुद्रजीव यांच्यासाठी हौशी माणसाने सुटे भाग जोडून बांधलेली प्रकाशयोजना. सुटे एलईडी, ॲल्युमिनियमचा हीटसिंक, प्रवाह स्थिर राखणारा ड्रायव्हर आणि वेळ पाळणारे छोटे सर्किट हे तिचे मुख्य भाग. गोड्या पाण्याच्या पेटीवरची ट्यूब मुख्यतः मासे नीट दिसावेत म्हणून असते. इथे मात्र दिवा बिघडला तर काही आठवड्यांत पेटीतले जीव उपाशी पडतात.

कारण प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या पेशींत झूझँथेली ही एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतात. या शैवालांतील हरितद्रव्य अ, हरितद्रव्य क आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये प्रामुख्याने ४०० ते ५०० नॅनोमीटर या जांभळ्या-निळ्या पट्ट्यातला प्रकाश टिपतात. समुद्राचे पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळते आणि निळा खोलवर जाऊ देते, त्यामुळे प्रवाळांची सगळी जडणघडण निळ्या उजेडात झाली आहे. प्रवाळ-पेटीवरचे दिवे विचित्र निळे दिसतात ते यामुळेच. त्या निळाईत काही प्रवाळांची प्रथिने हिरवी-नारिंगी चमकतात आणि पुष्कळ हौशी लोक आधी या चमकेला भुलतात, शैवालाचा विचार नंतर करतात. शेतीसाठी किंवा रोपवाटिकेसाठी मिळणारे लाल-जांभळे ‘ग्रो लाइट’ मात्र इथे कामाचे नाहीत. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर लाल प्रकाशाचा परिणाम प्रतिकूल आढळला.

प्रकाश मोजताना नवशिके हमखास फसतात. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बांधलेले आहे. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सर्वाधिक दाद देतो, ४५० च्या निळ्याला फार कमी. त्यामुळे मोबाइलमधले लक्स-ॲप निळ्या दिव्याखाली धरले की आकडा केविलवाणा येतो, आणि तो पाहून माणूस दिवा वाढवत नेतो. प्रवाळासाठी योग्य माप म्हणजे ‘पार’, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात ते, एकक मायक्रोमोल. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात ते सुमारे २,०००. पेटीत मृदू प्रवाळांना ५० ते १५० पुरते, फांद्याफांद्यांच्या कठीण प्रवाळांना साधारण २०० ते ४०० लागते. पाण्याखाली चालणारा पार-मीटर महाग असतो, म्हणून दोन-चार हौशींनी मिळून एक घेणे किंवा भाड्याने आणणे बरे.

या छंदाची सुरुवात विजेच्या दिव्याने झालीच नव्हती. १९६१ साली जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी अमेरिकेतील एका मत्स्य-मासिकात आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली. त्यांच्या पेटीत जिवंत खडक होते, हवेचे बुडबुडे होते आणि ऊन होते. जाकार्ता विषुववृत्ताजवळ, युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत तसे ऊन कुठून आणणार? तिथे पुढे १५० ते ४०० वॅटचे मेटल हॅलाइड दिवे आणि निळ्या ट्यूब आल्या. प्रकाश भरपूर, पण उष्णता त्याहून भरपूर. पाणी थंड करायला वेगळे चिलर बसवावे लागे.

एलईडीचा मार्ग मोकळा झाला तो जपानमध्ये. १९९३ साली निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी साधला. त्याच शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज घरोघरी असलेला पांढरा एलईडीही आतून निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो इतकेच. पुढच्या दशकात पीएफओ या अमेरिकी कंपनीने ‘सोलारिस’ हा प्रवाळ-पेटीसाठीचा तयार एलईडी दिवा बाजारात आणला. पण २००७ साली ऑर्बिटेक या अंतराळ-तंत्रज्ञानातल्या कंपनीला सागरी एलईडी प्रकाशयोजनेचे पेटंट मिळाले, दावा झाला आणि सोलारिसची विक्री थांबली. तयार माल अडला, सुटे एलईडी मात्र कुणीही विकत घेऊ शकत होता. घरी दिवा बांधण्याची लाट त्या काळात उसळली, आणि त्यात पेटंटाच्या भांडणाचा वाटा मोठा होता.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर परदेशी तक्ते जसेच्या तसे उचलण्यात धोका आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत खोल समुद्रात आंग्रिया बँक हा पाण्याखालचा पठारी उंचवटा आहे. त्याचा माथा पृष्ठभागाखाली वीसेक मीटरवर. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तिथले पाणी नितळ असते, त्या खोलीवरही प्रवाळांना निळा उजेड पोचतो. मालवणला चित्र उलटे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात, १९८७ साली घोषित झालेल्या २९.१२ चौरस किलोमीटरच्या सागरी अभयारण्यात, पोरायटिस आणि टर्बिनेरिया यांसारखे प्रवाळ पावसाळ्यातला गढूळपणा सोसून जगतात. डोक्यावर पाणी थोडेच, पण गाळामुळे उजेड कमी. एकाच राज्याच्या किनाऱ्यावर इतका फरक असताना ‘प्रवाळाला इतके वॅट’ हा ठोकताळा किती पोकळ आहे ते कळते.

हे प्रवाळ पाहण्यासाठी आहेत, घरी नेण्यासाठी नाहीत. सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन-पाइप प्रवाळ आणि सागरी पंखे २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे वाघाला आहे तेच संरक्षण. मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरील वसाहती २०२० साली दुसरीकडे हलवताना महापालिकेलाही वन विभागाची परवानगी काढावी लागली होती. कठीण प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. तेव्हा पेटीत कोणता जीव येणार, तो कुठून आला आणि त्याची कागदपत्रे आहेत का, हे सोल्डरिंगची बंदूक तापवण्याआधी ठरवायचे असते. ‘कुठूनतरी आणलाय’ असे सांगणाऱ्या दुकानदाराकडे पाठ फिरवावी.

आता प्रत्यक्ष बांधणी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच पेटी हे सोयीचे उदाहरण. तिच्यात सुमारे १८० लिटर पाणी मावते. तिच्यासाठी ‘३ वॅट’ म्हणून ओळखले जाणारे ३६ एलईडी बारा-बाराच्या तीन माळांत लावता येतात. दोन माळा ४५० नॅनोमीटरच्या रॉयल ब्लूच्या. तिसरीत बहुतेक थंड पांढरे, सोबत ४७० चे निळे आणि ४१०-४२० चे जांभळे दोन-दोन. प्रत्येक एलईडीला ७०० मिलिअँपिअरवर साधारण ३.३ व्होल्ट लागतात, म्हणजे बारांच्या माळेला चाळीसेक व्होल्ट आणि जवळपास २८ वॅट. तीन माळांचे मिळून ८५ वॅटच्या आत. ४८ व्होल्टचा एसएमपीएस (घरच्या विजेतून डीसी देणारा वीजपुरवठा) आणि माळेगणिक मीनवेल एलडीडी-७००एच सारखा ड्रायव्हर ही जोडी हौशींमध्ये रुळलेली आहे.

ड्रायव्हर गाळून एलईडी थेट एसएमपीएसला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. एलईडी तापला की त्याला कमी व्होल्ट पुरतात. व्होल्टेज तेच राहिले तर प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की तो आणखी तापतो, आणि शेवटी जळतो. स्थिर-प्रवाह ड्रायव्हर हे चक्र तोडतो. दुसरी चूक त्याहून साधी : ड्रायव्हर चालू असताना माळेची तार लावणे. मोकळ्या ड्रायव्हरच्या टोकाला चढलेले व्होल्टेज क्षणात माळेत उतरते आणि एखादा एलईडी प्राण सोडतो. बारांपैकी एकाचे सर्किट तुटले की अख्खी माळ अंधारते, म्हणून जोडणीनंतर आणि वीज देण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासतात : माळ सलग आहे का, आणि एखाद्या एलईडीची टोके हीटसिंकला टेकत तर नाहीत ना.

दिलेल्या विजेचा निम्म्याच्या आसपास भाग एलईडीच्या पाठीमागे उष्णता होऊन जमतो. म्हणून ताऱ्याच्या आकाराची ॲल्युमिनियम चकती, तिच्याखाली थर्मल पेस्टचा पातळ थर, मग पंखदार हीटसिंक आणि वर सावकाश फिरणारा १२ व्होल्टचा पंखा. पेस्ट जाड लावली की उलटा परिणाम होतो. रंगांचे एलईडी पसरून ठेवले तर वाळूवर निळे-पांढरे ठिपके नाचतात, म्हणून ते गटागटाने जवळ बसवावेत. भिंगे उथळ पेटीला नकोतच. दीड फुटाच्या पाण्यात ती मधोमध भाजतात आणि कोपरे अंधारात ठेवतात.

वेळेचे काम आर्डुइनो हे प्रोग्राम भरता येणारे छोटे सर्किट करते. सकाळी तासभर हळूहळू उजळणे, दुपारी पूर्ण, संध्याकाळी मावळणे, एकूण दहा ते बारा तास. त्याच्यासोबत डीएस३२३१ हे घड्याळ-मॉड्यूल लागतेच, कारण त्यातली बटणाएवढी बॅटरी वीज गेली तरी वेळ सांभाळते.

वीज जाण्याचा मुद्दा सटाण्यासारख्या आतल्या गावात जास्तच महत्त्वाचा. बागलाण तालुक्याचे हे मुख्य गाव आरम नदीकाठी, समुद्रापासून शंभर किलोमीटरहून आत. भारनियमन झाले की इन्व्हर्टरवर आधी दिवा घेण्याची चूक घडते. वास्तविक एखाद-दुसरा अंधारा दिवस प्रवाळ सहज काढतात. पाणी हलायचे थांबले तर मात्र प्राणवायू काही तासांत खालावतो. बॅटरी आधी पंपाला, दिव्याला सगळ्यांत शेवटी.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि पेटीतले पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचे असते. एलईडीची बचत इथे खऱ्या अर्थाने जाणवते. २५० वॅटचा हॅलाइड दहा तासांत अडीच युनिट खातो आणि त्याची उष्णता थेट पाण्यावर ओततो. ८५ वॅटची ही योजना ०.८५ युनिट, आणि तिची बरीच उष्णता वरच्या वर निघून जाते. शिवाय बागलाणची कोरडी हवा मदतीला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी थंडावते, घरातला कूलर चालतो त्याच तत्त्वावर. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय निम्मासुद्धा लागू पडत नाही. याची किंमत वेगळी मोजावी लागते : उडून जाते ते फक्त पाणी, मीठ मागेच राहते, म्हणून पेटीत रोज गोडे पाणी भरावे लागते. ते बोअरचे जड पाणी चालत नाही, आरओचेच लागते. एप्रिल-मेमध्ये जिथे तालुक्यातल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा खर्च हौशी माणसाने विचारात घ्यावा हे बरे.

ठिबकचे सुटे भाग मिळतील त्या बाजारपेठेत ४५० नॅनोमीटरचा एलईडी मिळण्याची शक्यता कमी. त्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड नाहीतर ऑनलाइन मागणी. बाकी हीटसिंक कापणे, भोके पाडणे, पट्ट्या वाकवणे ही कामे गावातला फॅब्रिकेशनवाला चांगली करतो.

सुरक्षेत हयगय नको. खारे पाणी विजेला वाट करून देते आणि त्याचे तुषार धातू खातात. दिव्याखाली ॲक्रिलिकची पट्टी, एसएमपीएस पेटीपासून दूर व उंच, त्याला अर्थिंग, पेटीकडच्या सर्व जोडण्यांवर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटपर्यंत चढत नाही. उघड्या निळ्या एलईडीकडे थेट पाहू नये.

नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण लावला तर प्रवाळ पांढरे पडतात, कारण जास्तीच्या प्रकाशाने बेजार झालेले शैवाल यजमानाला सोडून जाते. सुरुवात २० ते ३० टक्क्यांवर, मग आठवड्याला थोडी वाढ. रंग गडद तपकिरी होत चालला तर उजेड अपुरा, फिका पडू लागला तर जास्त. चांगल्या एलईडीचा उजेड ५०,००० तासांनंतरही सुमारे ७० टक्के उरतो असे उत्पादक मानतात. रोज दहा तासांच्या हिशेबाने ती तेरा वर्षांहून अधिक होतात. त्याआधी बिघडतात ते मिठाने गंजलेले कनेक्टर, अडकलेला पंखा आणि ॲक्रिलिकवर साचलेला पांढरा थर, जो आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावा लागतो.